विसरण्याचा अपराध

काही वर्षांपूर्वी उन्हाळ्यात मुलीकडे अमेरिकेत, न्यू जर्सीला, तीनेक महिने राहण्याचा योग आला. आपल्या मंडळातील बहुतेक घरांचा एक पाय आता तिकडे असल्यामुळे त्या मुक्कामाच्या वर्णनात नवे काही नाही. मात्र तेथील एका अगदी किरकोळ प्रसंगाने मनात जो प्रश्न रुजला, तो अद्याप पुरता सुटलेला नाही; म्हणून तो वाचकांपुढे ठेवावा असे वाटते.

मुलगी मोटार चालवीत होती. मागे दहा महिन्यांचा नातू त्याच्या कार-सीटमध्ये पट्ट्यांनी बांधलेला, गाढ झोपलेला. त्याच्या शेजारी मी. दुकानासमोर गाडी थांबली, इंजिन बंद झाले आणि लगेच घंटी वाजून चालकापुढील पडद्यावर एक ओळ उमटली. मागचे आसन पाहावे, अशी ती सूचना होती. मला ती अपमानास्पद वाटली. आईला तिच्या मुलाची आठवण यंत्राने करून द्यावी, यापरते दुर्दैव कोणते, असे मी बोलूनही दाखविले. मुलगी शांतपणे उतरली, मागचे दार उघडले आणि म्हणाली, “बाबा, मी याला विसरेन असं मलाही वाटत नाही. पण ज्यांच्या हातून ते झालं, त्यांना तरी कुठे वाटलं होतं?” पुढे माझ्या लक्षात आले की, कामावर जाताना ती आपली पर्स आणि ऑफिसची बॅगही मुद्दाम मुलाच्या पायाशी ठेवते, म्हणजे मागचे दार उघडल्यावाचून तिचे पाऊल पुढे पडणार नाही. ही सवय तिला तिथल्या बालरोगतज्ज्ञाने लावली होती.

तिच्या बोलण्यामागे काय आहे, हे मी त्यानंतर वाचून समजून घेतले. अमेरिकेत तापलेल्या बंद मोटारीत सापडून दगावलेल्या बालकांची नोंद सॅन होजे विद्यापीठाशी संबंधित हवामानतज्ज्ञ जॅन नल यांनी १९९८ पासूनची ठेवली आहे. वर्षाला सरासरी सदतीसच्या आसपास बालके, २०१८ आणि २०१९ या दोन वर्षांत प्रत्येकी त्रेपन्न, आणि आजवर एकूण एक हजाराहून अधिक. यांपैकी काही मुले आपण होऊन गाडीत शिरून अडकली, काहींना जाणूनबुजून ‘दोन मिनिटांत येतो’ म्हणून ठेवले गेले. परंतु निम्म्याहून थोडी अधिक मुले त्यांना सांभाळणाऱ्या माणसांच्या केवळ विस्मृतीमुळे गेली. ही माणसे बहुधा आई किंवा वडीलच होती.

मोटारीची उष्णता हा प्रकार आपल्या अनुभवापेक्षा वेगळा आहे. काचेतून आत आलेले ऊन आसने आणि पुढची फळी तापविते, आणि ती ऊब काचेतून सहजी बाहेर पडत नाही. २००५ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात असे दिसले की, बाहेर २२ अंश सेल्सिअस एवढे सुखद हवामान असतानाही तासाभरात आतले तापमान सुमारे २२ अंशांनी चढते, आणि या वाढीतला ऐंशी टक्के भाग पहिल्या अर्ध्या तासातच होतो. काच बोटभर खाली ठेवल्याने फारसा फरक पडत नाही. तान्ह्या मुलाचे शरीर प्रौढाच्या तीन ते पाच पट वेगाने तापते. म्हणजे माळव्याच्या किंवा तेलंगणाच्या वैशाखाचीही येथे गरज नाही. वसंतातली एक प्रसन्न सकाळसुद्धा पुरते.

या दुर्घटनांमागील कारणपरंपरा विचित्र आहे. १९९० च्या दशकात मोटारींत पुढच्या प्रवाशासाठी एअरबॅग आल्या. त्या फुगताना बसणाऱ्या धक्क्याने पुढे बसलेली काही लहान मुले दगावली, तेव्हा मुलांना मागे बसवावे आणि तान्ह्यांचे तोंड गाडीच्या मागील बाजूस करावे, असा नियम रूढ झाला. त्यामुळे अपघातात हजारो मुले वाचली, हे निर्विवाद आहे. परंतु त्याच वेळी मूल आईबापाच्या नजरेआड गेले. झोपलेले मूल आवाज करीत नाही, आणि पुढून पाहिले तर रिकामी कार-सीट आणि भरलेली कार-सीट सारखीच दिसते. त्यापूर्वी क्वचित घडणारी गोष्ट यानंतर दरवर्षी घडू लागली. एका संकटापासून मुलाला वाचविण्यासाठी केलेल्या व्यवस्थेतून दुसरे संकट उभे राहिले, आणि त्यात दुष्टावा कोणाचाच नव्हता.

पण आईबाप विसरतातच कसे? दक्षिण फ्लोरिडा विद्यापीठातील मेंदूविज्ञानाचे अभ्यासक डेव्हिड डायमंड यांनी या प्रश्नाचा दीर्घकाळ विचार केला आहे. ते सांगतात की, स्मरणाच्या निरनिराळ्या यंत्रणा मेंदूत एकाच वेळी काम करीत असतात. ‘आज वाटेत अमुक करायचे आहे’ हा संकल्प जपणारी एक यंत्रणा, आणि रोजच्या वाटेने हातपाय आपोआप चालविणारी सवयीची दुसरी. सवयीची यंत्रणा जुनी आणि बलवान आहे. ऑफिसातून येताना औषध घ्यायचे ठरवून आपण सरळ घरी पोहोचतो, तेव्हा तिनेच संकल्पावर मात केलेली असते. या दुर्घटनांचा साचा बहुतेक तोच असतो: एरवी मुलाला पाळणाघरात न सोडणारा पालक त्या दिवशी सोडणार असतो, रात्रीची झोप अपुरी झालेली असते, वाटेत एखादा फोन येतो, मूल झोपी जाते आणि गाडी नेहमीच्या वळणाने ऑफिसकडे जाते. त्याहून भयंकर गोष्ट अशी की, मूल सोडून आलो अशी खोटी आठवण मेंदू तयार करतो. म्हणून तो माणूस दिवसभर निश्चिंत असतो. आपण काहीतरी विसरलो आहोत, हेच तो विसरलेला असतो.

अमेरिकन पत्रकार जीन वाइनगार्टन यांनी २००९ साली वॉशिंग्टन पोस्टमध्ये या विषयावर जो दीर्घ लेख लिहिला, त्याला पुढच्या वर्षी पुलित्झर पारितोषिक मिळाले. त्यात ज्यांच्या हातून हे घडले अशी माणसे आहेत, आणि ती सर्व थरांतली, सर्व व्यवसायांतली आहेत. निष्काळजी, व्यसनी, मुलांना ओझे समजणारी माणसे शोधू पाहणाऱ्या वाचकाच्या हाती ती लागत नाहीत. लागतात ती आपल्यासारखीच माणसे.

येथे खरा नैतिक प्रश्न उभा राहतो. हा अपराध आहे काय? अमेरिकेतील न्यायव्यवस्थेला याचे एकमुखी उत्तर देता आलेले नाही. एका जिल्ह्यात सरकारी वकील ‘या माणसाला आणखी शिक्षा ती काय द्यायची’ म्हणून खटलाच भरत नाही. शेजारच्या जिल्ह्यात जवळजवळ तशाच घटनेसाठी सदोष मनुष्यवधाचा खटला उभा राहतो. लोकमत मात्र बहुधा कठोर असते. ‘पोटचे मूल विसरणारी ती आई कसली’ हे वाक्य इंग्रजीत असो वा मराठीत, उच्चारायला सारखेच सोपे आहे. मीही ते मनात उच्चारले होते. पुढे वाटू लागले की, त्या रागाच्या तळाशी भीती आहे. ती आई राक्षसीण ठरली तर मी सुरक्षित राहतो; ती माझ्यासारखीच असेल तर माझ्या घरातही हे घडू शकते. दुसऱ्याला अपराधी ठरवून आपण स्वतःला अभय देत असतो.

याच विचारात मला आमच्या घरातली एक गोष्ट नव्याने आठवली. आम्ही इंदूरचे. मी सहा वर्षांचा असताना वडील मला सायकलच्या दांड्यावर बसवून खजुरी बाजारात शाळेच्या वह्या घ्यायला घेऊन गेले. घरात त्या वेळी आत्याच्या लग्नाची बोलणी चालली होती आणि हुंड्यावरून काही बिनसले होते. वडिलांनी वह्या घेतल्या, पैसे दिले, वह्या कॅरिअरला लावल्या आणि ते एकटेच घरी आले. दारात आईने विचारले, “बाळ कुठे आहे?” तेव्हा त्यांच्या ध्यानात आले. ते परत पोहोचले तोवर दुकानदाराने मला आपल्या गादीवर बसवून घेतले होते आणि माझ्या हातात गरम कचोरी होती. मला तर विसरल्याचे कळलेही नव्हते. पुढे कितीतरी वर्षे ही गोष्ट आमच्याकडे पाहुण्यांना हसत हसत सांगितली जाई.

आता विचार केला म्हणजे दिसते की, वडिलांच्या मनात त्या दिवशी जे घडले आणि त्या अमेरिकन बापाच्या मनात जे घडते, त्यांत तसूभरही फरक नाही. चिंतेने व्यापलेले मन, नेहमीची वाट, गप्प बसलेले मूल. फरक एवढाच की माझ्याभोवती बाजार होता आणि त्या मुलाभोवती बंद काच. एका विस्मृतीचा घरगुती विनोद झाला, दुसरीची खटल्याची फाइल. मग नैतिक दोष कशाला लावायचा, विस्मृतीला की परिणामाला?

१९७६ साली बर्नार्ड विल्यम्स आणि टॉमस नेगेल या दोन तत्त्ववेत्त्यांनी एका चर्चासत्रात हाच प्रश्न मांडला आणि त्याला ‘नैतिक नशीब’ असे नाव दिले. नेगेल यांचे एक उदाहरण तर आपल्या विषयाला चपखल लागू पडते. बाळाला टबात ठेवून, नळ चालू सोडून कोणी विसरून गेला आणि आठवण होताच जिना चढत धावत सुटला. त्या क्षणी त्याला ठाऊक असते की, बाळ सुखरूप असेल तर आपण फक्त गाफील ठरू आणि नसेल तर आपल्या हातून महाभयंकर कृत्य घडलेले असेल. जिन्यावरच्या त्या माणसाने दोन्हींपैकी काय केले आहे, हे त्याच्या हाती उरलेलेच नसते. विल्यम्स यांनी दाखविले की, ज्याच्या हातून काही घडते त्याचे दुःख बघ्याच्या दुःखापेक्षा वेगळ्या जातीचे असते, मग त्याचा दोष असो वा नसो. ‘तुझी काही चूक नव्हती’ या शब्दांनी ते निवत नाही, आणि ते निवू नये असेही आपल्याला कुठेतरी वाटते.

आपल्या धर्मशास्त्रकारांना हा भेद अपरिचित नव्हता. जाणून केलेले पाप आणि नकळत घडलेले पाप यांत मनुस्मृतीचा अकरावा अध्याय फरक करतो. पण नकळत घडलेल्यालाही प्रायश्चित्त सांगतो. त्यात मला आता एक शहाणपण दिसते. ज्याच्या हातून घडले त्याला दुर्जन म्हणायचे नाही, आणि काही घडलेच नाही असेही म्हणायचे नाही. आमच्या वडिलांचेच पाहा. ती हसण्याची गोष्ट सुरू झाली की ते उठून ओसरीवर जात. आणि हयातभर घरातल्या वह्या त्यांनी त्याच एका दुकानातून आणल्या, जवळ दुसरी दुकाने झाली तरीही. याचा अर्थ मला त्यांच्या मागे, न्यू जर्सीतल्या त्या घंटीनंतर कळला.

प्रिय माणसाचा विसर पडणे या विषयावर आपल्या परंपरेत एक थोर कृती आहे. महाभारतातल्या मूळ आख्यानात दुष्यंताला सगळे आठवत असते आणि तरीही तो शकुंतलेला आणि आपल्या मुलाला भर सभेत नाकारतो. कालिदासाने ही कथा हाती घेतली आणि नकाराच्या जागी विस्मृती आणली. दुर्वासाचा शाप, खुणेची अंगठी, आणि ती पाहताच परत येणारे स्मरण. नाटकाच्या नावातले ‘अभिज्ञान’ म्हणजे ती ओळखीची खूण. अण्णासाहेब किर्लोस्करांनी १८८० मध्ये ते मराठी रंगभूमीवर आणले, तेव्हापासून आपल्या आजोबा-पणजोबांच्या पिढ्यांनी या विस्मृतीवर डोळे ओले केले. प्रेम आणि स्मरण या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, पहिले शाबूत असताना दुसरे जाऊ शकते, हे आपण रंगमंचावर मान्य केले होते. शकुंतलेच्या हातूनही विसरच झाला होता, हे विशेष. ध्यान दुसरीकडे असल्याने दारी आलेला अतिथी तिला दिसलाच नाही. तरीही तिला निष्काळजी म्हणावेसे आपल्याला कधी वाटले नाही.

आता यंत्राकडे येऊ. यावर घेतला जाणारा मुख्य आक्षेप माझ्या पहिल्या रागातच होता: आठवण ठेवणे हे प्रेमाचे कर्तव्य आहे, ते यंत्राकडे सोपविले की माणूस सैल होतो. हा आक्षेप अगदीच पोकळ नाही. रोज वाजणारी घंटी काही दिवसांनी ऐकू येईनाशी होते. शिवाय सर्व यंत्रे सारखी नाहीत. एका मोठ्या कंपनीने २०१६ पासून आणलेली व्यवस्था केवळ दारांचा हिशेब ठेवते: निघण्यापूर्वी मागचे दार उघडले गेले असेल तर पोहोचल्यावर घंटी. आत मूल आहे की भाजीची पिशवी, हे तिला कळत नाही. आणि चालक नसताना गाडीत शिरलेल्या मुलासाठी तिचा काही उपयोग नाही. २०२४ च्या नोव्हेंबरात गुजरातेतील अमरेली जिल्ह्यात शेतमजुराची चार मुले उभ्या मोटारीत अडकून गेली, त्यांना अशा घंटीने वाचविले नसते. त्यासाठी आतला श्वासाचा हलका उतारचढावसुद्धा ओळखणारे रडार लागते. तसे सेन्सर आता आले आहेत, आणि युरोपातील मोटार-सुरक्षा चाचणी २०२३ पासून त्यांना गुण देते. कालिदासाची अंगठीही शेवटी शकुंतलेच्या बोटातून पाण्यात निसटली होतीच. खूण हरवू शकते. पण म्हणून ती द्यायचीच नाही, असे कोणी म्हणत नाही.

यंत्रावर विसंबल्याने प्रेम उणावते हे मात्र मला आता पटत नाही. आमची आजी पदराला गाठ मारून ठेवी. ती गाठ कशासाठी, हे तिला आठवण्यासाठी पुन्हा गाठीलाच हात लावावा लागे. त्यामुळे ती बेपर्वा आहे असे कोणाला वाटले नाही. उलट गाठ मारण्यातच तिची आस्था दिसे. आपण विसरू शकतो हे ज्याला मान्य आहे तोच गाठ मारतो.

आणि नेमकी हीच मान्यता दुर्मिळ आहे. अमेरिकेच्या अवकाशसंस्थेतील काही अभियंत्यांनी, एका सहकाऱ्याच्या घरी अशी दुर्घटना घडल्यावर, २००२ च्या सुमारास एक साधे उपकरण बनविले होते. मूल आसनावर असताना चालक किल्ल्यांसह दूर गेला, की त्याच्या किल्ल्यांच्या जुडग्यातून इशारा होई. ते बाजारात रुजले नाही. एक अडसर असा की, हे आपल्या हातून होईल असे कोणत्याच पालकाला वाटत नाही, मग पैसे मोजायचे कोणी? जी वस्तू विकत घेण्यासाठी आधी स्वतःविषयी एक अप्रिय गोष्ट मान्य करावी लागते, ती ऐच्छिक ठेवून चालत नाही. इटलीने हे ओळखले. २०१८ च्या कायद्याने चार वर्षांखालील मुलांसाठी असे उपकरण तेथे सक्तीचे झाले आणि ७ नोव्हेंबर २०१९ पासून त्याचा अंमल सुरू झाला. अमेरिकेत २०२१ च्या कायद्याने नव्या मोटारींसाठी असा नियम दोन वर्षांत करण्यास सांगितले. ती मुदत नियम न होताच उलटली. मोटार कंपन्यांनी २०१९ मध्ये आपण होऊन दिलेल्या वचनावर तेथे भिस्त राहिली. सक्तीचा नियम कोणा एकाकडे बोट दाखवीत नाही. आपण सगळेच विसरणारे आहोत, एवढेच तो म्हणतो. आणि त्यामुळे कोणाचा अपमान होत नाही.

२०२४ च्या मे महिन्यात राजस्थानातील कोटा जिल्ह्यात एका लग्नाला गेलेल्या कुटुंबाची तीन वर्षांची मुलगी मोटारीतच राहिली. ती आईबरोबर उतरली असे वडिलांना वाटले, ती वडिलांबरोबर आहे असे आईला. लग्नघर माणसांनी भरलेले होते. हे वाचले आणि खजुरी बाजारातली ती गादी पुन्हा डोळ्यांपुढे आली. आपल्या जुन्या वाड्यांत, गल्ल्यांत आईबाप कमी विसरत होते असे मुळीच नाही. घरात आठ-दहा मुले, सणवार, आजारपणे. विसर तर पावलोपावली पडत असे. पण त्या विसराच्या आड आजी होती, शेजारीण होती, दुकानदार होता. मूल कोणाच्या ना कोणाच्या दृष्टीस पडेच. मोटारीच्या बंद दाराने ही सगळी माणसे एकदम बाहेर ठेवली, आणि संपूर्ण स्मरणाचा भार एका थकलेल्या मेंदूवर टाकला. मला ज्या घंटीचा राग आला होता, ती आईची जागा घेण्यासाठी बसविलेलीच नव्हती. ती दारात उभे राहून “बाळ कुठे आहे?” विचारणाऱ्या माणसाच्या रिकाम्या जागी बसविलेली होती.

यंत्र त्या जागेचा एक लहानसा कोपराच भरू शकते. ज्यांच्या गाड्या जुन्या आहेत त्यांच्यापर्यंत ते पोहोचायला कितीतरी वर्षे लागतील. तोवर पाळणाघराने मूल आले नाही तर तत्काळ फोन करावा, वाहनतळावरून जाणाऱ्याने उन्हातल्या गाडीच्या काचेतून आत डोकावावे, उभ्या गाडीला कुलूप असावे, हे आपल्या हातचे आहे. आणि एखाद्या घरी दुर्दैवाने हे घडलेच तर ‘कसली ही आई’ म्हणण्यापूर्वी क्षणभर थांबावे, हेही.

आमच्या इंदूरच्या जुन्या गाडीत तशी घंटी नाही. नातू वर्षातून एकदाच येतो, पण गाडी लावल्यावर मागचे दार उघडून पाहण्याची सवय मी आता लावून घेतली आहे. गाडी बहुधा रिकामीच असते. शेजाऱ्यांना त्याचे हसू येते. मी त्यांना वडिलांची गोष्ट सांगतो, आणि आता ती सांगताना मला हसता येत नाही.